जुन्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल: बघायचं कसं, खर्च किती

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमची १९७८ ची पद्मिनी कलिन्यात रस्त्याकडेला उभी होती. पाणी ओसरल्यावर गाडी ओढून गॅरेजला नेली. इंजिनाचं तेल दोनदा बदललं, स्टार्टर खोलून सुकवला, सीटा काढून उन्हात टाकल्या. मागच्या एक्सलकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे, मात्र कुणी पाहिलं नाही. गॅरेजवाल्यांनी नाही, मीही नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोकणात उतरताना वेग साठच्या पुढे गेला की मागून बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू येऊ लागलं. घरी येऊन एक्सलचा प्लग उघडला, तर तेलाऐवजी ताकासारखं पांढुरकं काहीतरी बाहेर आलं. आतल्या क्राऊन गिअरच्या दातांवर गंजाचे खड्डे पडले होते. त्या वेळी दोनशे रुपयांचं तेल बदललं असतं तर क्राऊन आणि पिनियन या गिअरची जोडी वाचली असती. क्राऊन-पिनियन, बेअरिंगं आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार गेले.

हे मुद्दाम आधी सांगितलं. पद्मिनी, अँबेसिडर, काँटेसा बाळगणारे लोक इंजिनाचं तेल न चुकता बदलतात, पण मागच्या एक्सलचं तेल शेवटचं कधी बदललं असं विचारलं की गप्प होतात.

आधी हे तेल वेगळं का, ते बघू. या गाड्यांची मागची चाकं ओढतात. प्रोपेलर शाफ्टचा फेर नव्वद अंशांत वळवून चाकांना द्यायचं काम पिनियन आणि क्राऊन ही जोडी करते. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं. या रचनेला हायपॉइड म्हणतात. यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. त्या दाबाखाली साधं तेल पिळून बाहेर फेकलं जातं आणि लोखंड लोखंडाला लागतं. म्हणून या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. ती दातांवर पातळ थर धरतात. डबा उघडताच येणारा, कपड्याला लागला की दोन धुण्यांत न जाणारा उग्र वास त्याच गंधकाचा.

दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं की हवं ते मिळालं असं समजू नका. डब्यावर ‘ईपी ९०’ मोठ्या अक्षरांत असतं, पण त्याच्या खाली जीएल-४ आहे की जीएल-५ हे वाचा. हायपॉइड एक्सलला जीएल-५ लागतं. हेच तेल गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नका. आतल्या सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या त्यातलं गंधक खाऊन टाकतं. गिअरबॉक्सला काय घालायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. ‘उरलेलं गिअरबॉक्सला टाकू का साहेब?’ असं विचारलं जाईल, त्याला स्पष्ट नाही म्हणा. महागडं सिंथेटिक आणि ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलेलं तेलही या गाड्यांना लागत नाही. आपल्या हवेत साधं खनिज ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी ९०, पण जीएल-५, एवढं पुरतं.

आता पैशांचं. गेल्या दोन वर्षांत पुण्यात मी स्वतः दिलेले हे दर आहेत. तुमच्या गावी शे-दोनशे इकडेतिकडे धरा. चांगल्या कंपनीचं तेल लिटरला ३५० ते ५०० रुपये. दोन लिटर आणून ठेवा, उरलेलं बूच घट्ट लावून टिकतं. प्लगखालचे तांब्याचे वॉशर दहा-वीस रुपयांना. मजुरी ३०० ते ५००. म्हणजे सगळं हजार ते दीड हजारात होतं. पातळी तर दर सर्व्हिसला फुकटच बघून घ्यायची. वर ‘फ्लशिंग’चे ४०० लावले तर देऊ नका. डिझेल किंवा रॉकेल ओतून चाकं फिरवली की ते आतल्या कोपऱ्यांत राहतं आणि नवं तेल पातळ करतं. गरम तेल नीट निथळू दिलं की धुवायची गरज पडत नाही.

काम होताना समोर उभे राहा, अर्ध्या तासाचा तर प्रश्न असतो. आधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, म्हणजे तेल सैल होतं आणि तळातली घाण त्यात मिसळते. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर सपाट हवी. नुसती मागची बाजू जॅकवर उचलली तर तेल एका अंगाला सरकतं आणि पातळी चुकीची दिसते. जॅकवरच करायचं असेल तर चारही बाजूंना घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: आधी भरायचा प्लग उघडायचा, खालचा नंतर. भरायचा प्लग वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, गंजून बसलेला असतो. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग हललाच नाही, तर कोरड्या एक्सलची गाडी गॅरेजातच राहते. मग छिन्नी-हातोडीचे प्रकार सुरू होतात आणि हौसिंगचे आटे जातात. तार-ब्रशने प्लगभोवतीची माती काढा, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर राहू द्या आणि प्लगला अचूक बसेल असाच पाना लावा.

प्लग निघाला की करंगळी आत घालून खाली वाकवा. बोटाच्या टोकाला तेल भोकाच्या खालच्या काठाशीच लागलं तर पातळी बरोबर. पेरभर खाली गेल्यावर लागलं तर तेल कुठेतरी जातंय. बोट बाहेर काढून उजेडात धरा. मधासारखं किंवा काळपट तपकिरी असेल तर ठीक. पांढुरकं असेल तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला. जुनं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये पाडून घ्या आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काजळासारखी राखाडी लापशी चिकटली तर ती नेहमीची झीज आहे. माशाच्या खवल्यासारखे चकचकीत तुकडे आले, तर तेल बदलून भागणार नाही.

नवं तेल पिचकारीने, भोकातून ओघळू लागेपर्यंत भरा आणि ओघळणं थांबू द्या. किती लिटर गेलं याला महत्त्व नाही, पातळी भोकच सांगतं. ‘थोडं जास्त असू द्या’ हे ऐकू नका. जास्तीचं तेल एक्सलच्या नळीतून चाकाकडे सरकतं, सील ओलांडतं आणि ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं.

गळती बघताना सील बदलायच्या आधी ब्रीदर बघा. हौसिंगच्या वरच्या बाजूला बोराएवढी टोपी असते. गाडी तापली की आतली हवा फुगते ती इथून बाहेर पडते. ही चिखलाने बुजली की दाब सीलमधून वाट काढतो. मग सील बदला, तीन महिन्यांत पुन्हा गळती, पुन्हा सील, असं चक्र चालू होतं. टोपी साफ करायला पाच मिनिटं लागतात. पावसाळ्यात याचं उलटंही होतं: तापलेला एक्सल तुंबलेल्या पाण्यात गेला की आतली हवा झटकन आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढते. पाणी मागच्या हौसिंगपर्यंत आलं असेल, तर त्याच आठवड्यात प्लग उघडून बघा.

चाकाकडचं सील शंभर ते अडीचशेला मिळतं, मजुरी आठशे-हजार. ब्रेक लायनर तेलाने भिजले असतील तर तेही बदला. पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवलेला लायनर घाटात दगा देतो. इथे पैसे वाचवू नका. पुढचं, पिनियनचं सील बदलायचं असेल तर नट सोडण्याआधी नट आणि फ्लँजवर खूण करून घ्यायला सांगा आणि नट त्याच खुणेवर परत आला का ते बघा. जोर लावून जास्त आवळला तर बेअरिंगं ताणाखाली येतात आणि सहा महिन्यांत वाजू लागतात.

आवाजावरूनही बराच अंदाज येतो. ॲक्सिलरेटर दाबताना ‘हूंऽऽ’ आणि पाय काढला की थांबतो, तर दातांची बैठक बिघडली आहे. उलट, पाय काढल्यावर वाजत असेल तर पिनियनचं बेअरिंग सैल असायची शक्यता जास्त. फक्त वळणावर खडखड झाली तर आतले छोटे गिअर. गाडी सुटताना एकदाच ‘ठक’ झालं तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा, तो स्वस्तात होतो. जुनी गाडी विकत घेताना तेल थोडं पाडून बघितल्याशिवाय सौदा करू नका. आवाज दाबायला आत लाकडाचा भुसा किंवा ग्रीस कोंबायची युक्ती फार जुनी आहे.

क्राऊन-पिनियनवर वेळ आलीच, तर सुटा क्राऊन किंवा सुटं पिनियन घेऊ नका. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. मिस्त्रींना एकच विचारा: डायल लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, मोजणार का आणि दातांना रंग लावून बैठक दाखवणार का? ‘हातानेच कळतं’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. एकट्या मजुरीचे चार-पाच हजार पडतात, आणि असं मोजून करणाऱ्याला ते द्यावेत. खरी अडचण मालाची आहे. कुर्ल्याचा कारखाना पद्मिनी बनवायची थांबला त्याला दोन दशकं उलटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर हे भाग कोपऱ्यावर मिळत. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तासन्‌तास हिंडून जोडी मिळाली तरी दात नखाने चाचपून, उजेडात फिरवून घ्यावी लागते. आज बऱ्या दातांची जी जोडी तुमच्या गाडीत फिरते आहे, तिच्यासारखी दुसरी पैसे टाकूनही मिळेलच असं नाही.

थोडी चालणारी गाडी असेल तर मी दर दोन वर्षांनी तेल बदलतो, रोजची असेल तर वीस हजार किलोमीटरला. तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवतो. उतरवलेलं तेल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या तेलाचा पिंप असतो आणि तो पुनर्प्रक्रियेला जातो तिथे द्या. आमचे मिस्त्री त्याचे पैसे घेत नाहीत, डबा मात्र परत मागून घ्यावा लागतो.