जनावराचे तोंड

दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. पण बाजारात पैसे मोजून बैल घ्यायचा, तर त्याचे दात पाहावेच लागतात. दातांवरून वय कळते.

गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे टणक हिरडी असते. खालच्या जबड्यात पुढे 8 दात असतात. दाढा वरखाली मिळून 24. वासराचे दुधाचे दात लहान असतात. ते जोडीजोडीने पडतात. त्यांच्या जागी रुंद, पक्के दात येतात. पहिली जोडी सुमारे 2 ते अडीच वर्षांनी येते. तो झाला दोनदाती. मग चारदाती, सहादाती. 4 ते 5 वर्षांत आठही दात पुरे होतात. तो जुळलेला बैल. पुढे दात झिजत जातात.

घरच्या जनावराच्या तोंडाकडेही लक्ष हवे. ते अर्धवट चावलेला चारा टाकते का? तोंडाला घाण येते का? तर दाढेला धार आली असेल, नाही तर काटा रुतला असेल. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. ते कानस लावून दाढेची धार घालवतात.

ताप, गळणारी लाळ, जिभेवर फोड आणि खुरांत जखमा, हा लाळ्या-खुरकूत रोग. असे जनावर वेगळे बांधा. त्याला मऊ चारा द्या. या रोगाची लस दर 6 महिन्यांनी टोचून घ्यावी. 2019 सालापासून सरकारने ही लस देशभर फुकट देणे सुरू केले.

आता सर्वांत मोठी गोष्ट. गाय खात नाही, लाळ गाळते. शेजारी म्हणतो, "अहो, घशात काही अडकलंय. घाला की हात!"

थांबा! हात घालू नका. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या गाईचीही अशीच लाळ गळते. तिलाही गिळता येत नाही. तिच्या लाळेत रोग असतो. तुमच्या हाताला ओरखडा असेल, तर तो रोग तुम्हाला होऊ शकतो. रोग एकदा दिसू लागला, की माणूस हाती लागत नाही. पण वेळेवर लस घेतली, तर जीव वाचतो.

लाळ लागली तर काय कराल? ती जागा साबणाने, वाहत्या पाण्यात 15 मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. गाईजवळ मुलांना जाऊ देऊ नका. डॉक्टरांना गोठ्यावर बोलवा.

सांगा पाहू :
1. जुळलेला बैल किती वर्षांचा असतो?
2. लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडात हात का घालू नये?