शिरीष : तो, ती आणि ते



गेल्या जूनमध्ये सहावीच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या कव्हरवर नजर अडकली. निळ्या शाईत सुंदर अक्षरात ‘शिरीष’ लिहिलेलं आणि त्याच्यापुढे काळ्या पेनाने नंतर जोडलेला एक काना. शिरीषा.

वही वर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलीची होती आणि तो काना कुठून आला हे मला लगेच कळलं. यादी तयार करताना तिचं नाव मुलांमध्ये गेलं होतं. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी मुलांच्या ओघात ते पुकारलं, मागच्या बाकावरून एक बारीक आवाज ‘हजर बाई’ म्हणाला आणि वर्ग खो खो हसला. यादी कोणीही केली असो, न बघता नाव पुकारणारी मीच.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. नाव आजीने ठेवलेलं. आधीच्या शाळेतही असंच व्हायचं. ‘बाबा म्हणतात, दहावीचा फॉर्म भरायच्या आधी बदलून टाकू. शिरीषा करू, नाहीतर सरळ श्रेया.’ मी म्हटलं, बदलायचं तर बदला, पण आपण काय टाकतोय ते आधी बघून घेऊ. आठ दिवसांनी मराठीच्या तासाला आम्ही तेच केलं. तो तास इथे लिहून ठेवते.

आधी शब्द पाहू. शिरीष हा संस्कृत शब्द, एका झाडाचं नाव. लिहिताना ‘री’ दीर्घ आणि शेवटी पोटफोड्या ‘ष’. निम्मा वर्ग ‘शिरिश’ लिहितो, आणि ‘गिरीश’च्या ओळखीने काहीजण ‘शिरीश’ही करतात. पण गिरीशमध्ये गिरी आणि ईश आहेत, इथे ईश नाही. त्यामुळे ‘शिरीष म्हणजे अमक्याचा स्वामी’ असा अर्थ कुठे वाचलात तर तो सोडून द्या. झाडाचं नाव आहे, इतकंच.

हे झाड तुम्ही पाहिलेलं असणार. थंडीत पानं गळतात आणि फांद्यांवर फिकट पिवळ्या, चपट्या, वीतभर लांब शेंगा लटकत राहतात. वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात. इंग्रजांनी या आवाजावरून झाडाला ‘बाईची जीभ’ असं नाव ठेवलं! (हे ऐकून मुलं पुन्हा हसली, मुली हसल्या नाहीत.) एप्रिल-मेच्या उन्हात नवी पालवी येते आणि पाठोपाठ फुलं. पावडर लावायच्या पफसारखी, हिरवट पांढरी, मंद वासाची. पाकळ्या नावाला असतात, आपल्याला दिसतात ते केसर. रेशमाच्या धाग्यांसारखे, बोट लागलं तरी मिटतील असे. रस्त्याकडेला गुलाबी फुलांचा मोठा वृक्ष असतो, त्यालाही लोक शिरीष म्हणतात, पण तो पर्जन्यवृक्ष, मूळचा अमेरिका खंडातला. आपला शिरीष वेगळा.

आता गंमत बघा. संस्कृतात शिरीष हे झाड पुल्लिंगी आणि त्याचं फूल नपुंसकलिंगी. शब्द तोच, झाड म्हणायचं असेल तर शिरीषः, फूल म्हणायचं असेल तर शिरीषम्. ही त्या भाषेची नेहमीचीच रीत आहे. मराठीत आपण तो शिरीष आणि ते शिरीषाचं फूल म्हणतो. राहिली ‘ती’. ती माणसांनी आणली, मुलीला हे नाव देऊन.

‘बाई, मग मी झाड की फूल?’ तिने विचारलं. मी म्हटलं, व्याकरणाची दोन्हीला हरकत नाही.

पण नाव म्हणून शिरीष आवडलं ते फुलामुळे, आणि त्याचं बरंचसं श्रेय कालिदासाला. शाकुंतलाच्या सुरुवातीला नटी उन्हाळ्याचं गाणं म्हणते, त्यात कानावर शिरीषाची फुलं माळणाऱ्या स्त्रिया आहेत. सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचं चित्र काढून बसलेला असतो आणि त्याला आठवतं की तिच्या कानावरचं, गालापर्यंत केसर लोंबणारं शिरीष काढायचं राहूनच गेलं. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गातली जागा तर मला फार आवडते. पार्वती तपाला निघाली आहे. तिची आई मेना तिला अडवते आणि म्हणते, शिरीषाचं फूल भुंग्याचा पाय सोसेल, पाखराचा नाही सोसणार. म्हणजे, पोरी, तुझ्या अंगाला हे झेपायचं नाही. पार्वती ऐकते का? नाही. ती जाते आणि ऋषींनाही जमणार नाही असं तप करते.

वैद्यांचं या झाडाकडे बघणं मात्र निराळं. चरकसंहितेत विष उतरवणाऱ्या द्रव्यांमध्ये शिरीषाला पहिला मान दिला आहे. कवीला फूल दिसलं, वैद्याने सालीला हात घातला.

यानंतर मी फळ्यावर दोन नावं लिहिली, शिरीष कणेकर आणि शिरीष पै, आणि विचारलं, यांतलं बाईचं नाव कोणतं? एकही हात वर नाही. ‘दोन्ही माणसांची आहेत बाई,’ असं उत्तर आलं. (बाया माणसं नसतात का, हा विषय मी दुसऱ्या तासाला ठेवला!)

शिरीष कणेकर म्हणजे क्रिकेट आणि सिनेमावर खुसखुशीत लिहिणारे लेखक, ‘माझी फिल्लमबाजी’ एकट्याने रंगमंचावर करणारे. आणि शिरीष पै या कवयित्री. जन्म १९२९, निधन २०१७. आचार्य अत्रे यांच्या कन्या. जपानी हायकू हा तीन ओळींचा काव्यप्रकार मराठीत रुजवला तो त्यांनी. त्यांचं पूर्ण नाव शिरीष व्यंकटेश पै. आता हे नाव अनोळखी माणसासमोर ठेवा. मधलं नाव नवऱ्याचं, पण वडिलांचंही असू शकतं. आडनाव दोघांनाही चालतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून काही कळायचं नाही, कविता वाचाव्या लागतील.

तिसरं नाव मुलांनीच सांगितलं, कारण ते त्यांना माहीत होतं : शिरीषकुमार. खानदेशातलं नंदुरबार, ९ सप्टेंबर १९४२. ‘चले जाव’ची हाक देऊन महिना झाला होता. शाळकरी मुलामुलींची प्रभातफेरी निघाली, हातात तिरंगा आणि तोंडात घोषणा. पोलिसांनी बंदुका रोखल्या. त्या मुलींवर रोखल्या गेल्या तेव्हा हा मुलगा पुढे झाला आणि मारायचं तर मला मारा म्हणाला, असं आजही तिथे सांगतात. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता, जन्म २८ डिसेंबर १९२६. सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हे त्याचे सोबतीही गेले. पाखराच्या पायाने मिटणाऱ्या फुलाचं नाव त्या मुलाला होतं, हे वर्गाने त्या दिवशी पहिल्यांदा जोडून पाहिलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

आता तो ‘काना’. आकारान्त शिरीषा हेही खरं नाव आहे, चुकीचं मुळीच नाही. तेलुगू घरांमध्ये ते मुलींना ठेवतात. ११ जुलै २०२१ रोजी अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेल्या सिरीशा बांदला यांचं नाव हेच, फक्त उच्चार तिकडचा. तिथे शेवटच्या ‘आ’वरून मुलगी कळते. मराठीत आपण शेवट मोकळा ठेवला. किरण, सुमन, कांचन, माणिक, सुहास ही सगळी त्याच पंक्तीतली. त्यांतलं किरण आजही ऐकू येतं. शिरीष मात्र आता आजोबांच्या, काकांच्या वयात गेलं. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटावर शिरीष पाच-सहाच आले, आणि मुलगी ही एकच.

मग वाक्यात कळतं कसं? ‘शिरीष आला’, ‘शिरीष आली’ इथे क्रियापद बोलतं. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. पण ‘शिरीषने कविता लिहिली’ म्हणा बरं. ‘लिहिली’ हे कवितेमुळे. ‘शिरीषने निबंध लिहिला’, इथे ‘लिहिला’ निबंधामुळे. कर्मणी प्रयोगात कर्ता मुलगा की मुलगी याची क्रियापदाला फिकीर नसते, काम काय झालं तेवढंच ते सांगतं. प्रयोग शिकवताना मी इतकी वर्षं ‘राम’ आणि ‘सीता’ घ्यायचे. त्या दिवसापासून शिरीष घेते, मुलांना पटकन समजतं.

हजेरीपटात तिचा क्रमांक मी मुलींमध्ये आणून घेतला. तिच्या बाबांशी बोलले. त्यांचं म्हणणंही खोटं नाही, प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक रांगेत मुलीने किती वेळा खुलासा करायचा? दहावीला अजून वेळ आहे, तेव्हा तिलाच विचारू, असं आमचं ठरलं. सहामाहीनंतरच्या वहीवर तिने नाव घातलं तेव्हा काना नव्हता. पुढे मात्र कंसात ‘कु.’ लिहिलेलं होतं. मी काही बोलले नाही.

स्वाध्याय : तुमच्या घरात, गावात, नात्यात मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालणारी नावं कोणती आहेत, ते आजी-आजोबांना विचारून लिहा. ज्यांचं असं नाव आहे अशा एका व्यक्तीला भेटा आणि नावामुळे घडलेला एक प्रसंग त्यांच्याकडून ऐकून दहा ओळींत मांडा. त्या दहा ओळींतली निदान तीन वाक्यं कर्मणी प्रयोगात असू द्या.