वैमानिकाची रंगपरीक्षा

मला पिकलेलं बोर आणि हिरवं बोर लांबून सारखंच दिसतं. तुम्ही हसता, पण माझ्या मामालाही तसंच दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला रंगीत ठिपक्यांची चित्रे दाखवली. त्यांत लपलेला आकडा मला दिसलाच नाही! ही चित्रे जपानच्या डॉ. शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केली. वैमानिक होणाऱ्यांनाही अशीच चित्रे दाखवतात.

का बरं? धावपट्टीच्या बाजूला चार दिवे ओळीत असतात. दोन पांढरे, दोन तांबडे दिसले तर विमान बरोबर उंचीवर आहे. चारही तांबडे दिसले, म्हणजे फारच खाली आलं! रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यावरून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर तांबडा म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घालत राहा. तिथे चुकून कसं चालेल?

आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र आणखी एक संधी आहे. आकडे चुकले तरी कंदिलाच्या परीक्षेत विमानासाठी वापरतात ते रंगीत दिवे अचूक ओळखले, तर पास. तेही चुकलं तर प्रवासी विमान मिळत नाही. फार तर दिवसाउजेडी लहान खाजगी विमान चालवता येतं.

कंदिलाची परीक्षा मी मोठेपणी देणार आहे.