टक्क्यांना भिऊ नकोस गं

अगं, आधी चहा टाक आणि जरा शांत बस. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तू स्वतः लिहिलंस आणि तरी सॉफ्टवेअर म्हणतंय की अर्ध्याहून जास्त मजकूर एआयचा आहे. आता गाईड मॅडमना तोंड कसं दाखवायचं, या काळजीने तू दोन घास नीट जेवलीही नसशील.

खरं सांगू का, तो आकडा म्हणजे पुरावा नव्हेच. तुझी वाक्यं किती सरधोपट आहेत, पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, असल्या खुणांवरून ते सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच २०२३ च्या जानेवारीत यंत्राचं लेखन ओळखणारं साधन काढलं आणि जुलैत बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. बनवणाऱ्यांची ही गत, तर बाकीच्यांचं काय! त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे निबंध अशा सात साधनांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. मराठी माध्यमातून आलेल्या मुली चूक होऊ नये म्हणून इंग्रजीत मोजके, ठरावीक शब्द वापरतात, आणि नेमका तिथेच संशय येतो बघ.

आणखी एक, यात गल्लत करू नकोस. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. ते साम्य दुसऱ्याच्या लेखनाशी असलेलं. एआयचा टक्का वेगळा. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून रडत बसू नकोस.

तुझी फाइल गूगल डॉक्समध्ये आहे ना? मग व्हर्जन हिस्टरी उघड. रात्री लिहिलेला परिच्छेद, सकाळी त्यातली खोडलेली दोन वाक्यं, मग हलवलेला तक्ता, सगळं तारीखवार दिसेल. वहीतली टिपणंही फेकू नकोस. मॅडमसमोर हे ठेवलंस की तुला फार बोलावंच लागणार नाही.

आता थोडी रागावते हं. संदर्भसूचीसाठी त्या चॅटबॉटला विचारलं होतंस, हे मला आवडलेलं नाही. तो नावं बिनधास्त रचतो गं. लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड आणि पानंही दिलेली, आणि तो अंक उघडावा तर त्या पानावर भलताच लेख! न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अशाच रचलेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. म्हणून प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघ. प्रबंध असेल तर शोधगंगावर शोध, लेख असेल तर त्याचा डीओआय तपास. जो सापडत नाही, तो काढून टाक. सूची लहान झाली तरी चालेल.

व्याकरण तपासायला, अवघड उतारा समजून घ्यायला तो वापरलास तर माझी हरकत नाही. विद्यापीठाचा नियम काय आहे ते मात्र आधी विचार, आणि वापरलंस तिथे तसं लिही. पण विश्लेषण त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. दुसऱ्याने मळलेल्या कणकेच्या पोळ्या कितीही लाटल्या, तरी पाणी किती घालायचं ते आपल्या हाताला कळत नाही. बायकांच्या मुलाखती घ्यायला गावोगाव तू फिरलीस. त्या बायका काय बोलल्या, बोलता बोलता कुठे गप्प झाल्या, हे तुलाच ठाऊक आहे. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतील. इंग्रजीत अडलं तर आधी मराठीत खर्डा लिही, मनातलं सगळं उतरव, मग इंग्रजीत आण. वेळ लागतो, पण वाक्य तुझं राहतं.

आज रात्री जागू नकोस. उद्या सकाळी मॅडमना मेल कर: रिपोर्ट असा आला, मी असं लिहिलं, खर्डे दाखवायला कधी येऊ? उगाच माफी मागू नकोस. पाठवण्याआधी मला दाखव हवं तर, पण तुझी भाषा मी बदलणार नाही.