विंगेतलं काम

चि. मनू,

ताईचा फोन आला होता. प्लेसमेंटचं वर्ष, आणि पोरगी रात्र रात्र तालमीच्या हॉलवर, तीही सेटला खिळे ठोकत! ‘निदान भूमिका तरी मिळायची,’ हेही वर ऐकवलं. तिची समजूत मी काढीन. नाटकातले डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, एवढं म्हटलं की ती गप्प बसते. तू मात्र ही नावं पुढे करू नकोस. तशी माणसं थोडीच असतात.

नाटकानं आत्मविश्वास वाढतो, हे मुलाखतीत ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. बायोडाटात ‘टीमवर्क’, ‘लीडरशिप’ लिहिण्यापेक्षा केलेलं काम सांग. टेम्पोत मावाव्यात म्हणून सेटच्या लेव्हल्स कशा सुट्या केल्यास, ब्लॅकआउटमध्ये कोणती खुर्ची कोणी उचलायची हे कसं ठरवलंस, ऐन वेळी दिवा गेला तेव्हा काय केलंस. आमच्या कारखान्यात नव्यानं येणारी मुलं हुशार असतात, पण आपलं काम संपलं की मान खाली घालून बसतात. पुढच्याचं आपल्यामुळे काय अडलंय, हे त्यांच्या गावीही नसतं. विंगेत उभं राहणाऱ्याला असं चालतच नाही. दुसऱ्याचं वाक्य कान देऊन ऐकलं नाही, तर क्यू गेलाच. आणि तिसरी घंटा झाल्यावर मुदतवाढ मागायची कुणाकडे?

आणखी एक. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. २०२२ साली परीक्षकांनी करंडक एकाही संघाला दिला नाही. बरीच चर्चा झाली. मला तो निर्णय पटला. परीक्षेत पेपर बरा गेला नाही तरी उत्तीर्ण होण्यापुरते गुण पदरात पडतात. रात्रंदिवस राबूनही ‘जमलं नाही’ असं तोंडावर ऐकायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभं राहायचं, ही सवय वर्गात लागत नाही. नोकरीत मात्र तिची गरज पहिल्याच वर्षी पडते.

प्रॅक्टिकल बुडवू नकोस. त्यात मी ताईच्या बाजूचा आहे. आणि सेटच्या खर्चाची वही नीट ठेव: प्लायवूड कितीला, टेम्पो कितीला, जुन्या सेटमधलं काय काय पुन्हा वापरलं. मुलाखतीला जाताना ती बरोबर ने.

तुझा
मामा