उपनगराचा क्रमांक बघताना

चि. अमेय यास,


मेलबर्नमधल्या घरांची तुझी यादी पाहिली. सातव्या डेसाइलच्या खालची सगळी उपनगरं तू सरळ काटून टाकलीस. एवढी घाई करू नकोस, बाळा.

ऑस्ट्रेलियाचं सांख्यिकी खातं दर पाच वर्षांच्या जनगणनेवरून ‘सीफा’, म्हणजे वस्त्यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचे निर्देशांक, काढतं. सरासरी १००० धरतात आणि वस्त्यांचे दहा गट पाडतात, तेच डेसाइल. पहिल्यात सर्वांत ओढगस्तीच्या वस्त्या. पण सीफाचे निर्देशांक चार आहेत. तू धरलेला फक्त वंचितपणा मोजतो. त्यात क्रमांक वर असला, तर तिथं हलाखीत राहणारी माणसं कमी, एवढंच कळतं. सुबत्ता आहे असं नाही. शिक्षण आणि नोकऱ्यांचा वेगळा निर्देशांक आहे, तोही शेजारी ठेवून बघ. घरांचे भाव किती वाढतील, हे चारांपैकी एकही सांगत नाही.

रिचमंडला जाऊन ये. सरकारी घरांचे वीस मजली टॉवर आणि थोड्याच अंतरावर दहा लाख डॉलरच्या पुढची जुनी टेरेस घरं. दोन्हींची सरासरी काढून येणारा आकडा तिथल्या कुठल्याच गल्लीचा नसतो. म्हणून नकाशावर ‘एसए१’पर्यंत खाली उतर. तो साधारण ४०० माणसांचा तुकडा असतो. घराभोवतीचे चार-पाच तुकडे पाहिलेस की गल्लीचा अंदाज येईल. आकडे कधीचे आहेत तेही बघ. टार्नीटमध्ये २०२१च्या जनगणनेनंतर कितीतरी नव्या गल्ल्या वसल्या; तिथले रहिवासी त्या आकड्यांत नाहीतच.

क्रमांकाचा खरा उपयोग प्रश्न विचारायला. शेजारशेजारच्या दोन उपनगरांचा क्रमांक सारखा आणि भावात मोठा फरक, असं दिसलं की कारण शोध: स्टेशन लांब आहे का, पुराचं पाणी येतं का, शाळेची हद्द बदलते का. आणि खालच्या क्रमांकाच्या वस्तीतली माणसं वाईट, असं मनातही आणू नकोस. नव्यानं आलेली आपली कितीतरी माणसं स्वस्त भाड्याच्या वस्तीतच पहिला संसार मांडतात.

आणखी एक. घर पसंत पडलं की विकणाऱ्यानं दिलेले ‘सेक्शन ३२’चे कागद आधी वकिलाकडून वाचून घे, मगच शनिवारच्या लिलावाला जा. एरवी व्हिक्टोरियात सही केल्यावर माघार घ्यायला कामाचे तीन दिवस मिळतात. लिलावात घेतलेल्या घराला ते मिळत नाहीत.

तुझी,
मावशी