जलपर्यटनातील सेवेची पारख : एका वैद्यकाच्या दृष्टीतून

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीने वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजाचा रोष पत्करून, शाकाहाराचा आपला नियम सांभाळून त्यांनी जवळजवळ दोन महिने बोटीवर काढले. त्यांच्यासाठी आगबोट हे ध्येयाकडे नेणारे साधन होते. आज आपल्यापैकी अनेकांसाठी जहाज हेच गंतव्यस्थान झाले आहे. माळव्याच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली मराठी कुटुंबे अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठतात, अथवा विमानाने सिंगापूरला जातात आणि तीन-चार दिवसांचा जलप्रवास करून परततात. निवृत्तीनंतरचा समारंभ, लग्नाचा सुवर्णमहोत्सव, परदेशस्थ मुलांनी आईवडिलांना दिलेली भेट अशी निमित्ते असतात.

साहजिकच दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर कानी येतो : “डॉक्टरसाहेब, आम्ही क्रूझला जाऊ ना? आणि कोणत्या कंपनीची घ्यावी?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण प्रकृती तपासून देतो. दुसरा प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, दुसरा प्रश्नही बराचसा वैद्यकीयच आहे. रुग्णालयाची प्रत आपण स्वागतकक्षातील संगमरवरावरून ठरवीत नाही. परिचारिकांचे प्रमाण, जंतुसंसर्गाचे नियंत्रण, आणीबाणीतील सज्जता आणि कर्मचाऱ्यांची अवस्था यांवरून ती ठरवितो. जहाजासही हीच कसोटी लावावयास हवी.

नावे बदलतात, कसोट्या राहतात

मुंबईहून सुटणाऱ्या आधुनिक जलसहलींचा इतिहास लहान, पण बोधप्रद आहे. २००५ मध्ये स्टार क्रूझेस कंपनीने ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज मुंबईस आणले आणि मध्यमवर्गाला या प्रकाराची प्रथम ओळख झाली. २०१८ मध्ये सरखेल कान्होजी आंग्रे यांचे स्मरण देणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली. २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ आले. २०२० च्या महासाथीत ती कंपनीच बंद पडली. २०२२ च्या आरंभी स्टार क्रूझेसची मातृसंस्था गेंटिंग हाँगकाँगही कोसळली आणि तिचे ‘गेंटिंग ड्रीम’ हे जहाज रिसॉर्ट्‌स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली सिंगापूरहून निघू लागले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागले; हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने प्रथम समुद्रात उतरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. त्यामुळे पुढील काळात आणखी नावे ऐकू येतील.

वीस वर्षांत एवढी उलथापालथ झाली असता केवळ नावावर विसंबून निवड करण्यात अर्थ नाही. म्हणून कंपनी कोणतीही असो, पुढील पाच बाबी तपासाव्यात.

पहिली कसोटी : जागा आणि माणसे

जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसून त्याच्या बंदिस्त जागेच्या आकारमानाचे माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागले असता दर प्रवाशामागे किती जागा येते याचा अंदाज मिळतो. ‘एम्प्रेस’चे टनेज सुमारे ४८,५०० असून केबिनमागे दोन प्रवासी धरले तर हा आकडा तीसच्या आसपास येतो. ‘गेंटिंग ड्रीम’चा तो सुमारे ४५ आहे. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या अजस्र जहाजाचाही जवळपास तेवढाच, म्हणजे ४४ येतो. सिल्व्हरसी या उंची कंपनीच्या ‘सिल्व्हर म्यूझ’वर अवघे ५९६ प्रवासी असून तेथे हा आकडा ६८ होतो. म्हणजे जहाज मोठे असले की मोकळीक अधिक मिळते, असा नियम नाही.

दुसरा आकडा कर्मचाऱ्यांचा. ‘आयकॉन’वर साधारण २.४ प्रवाशांमागे एक कर्मचारी असतो, तर ‘सिल्व्हर म्यूझ’वर साधारण दीड प्रवाशामागे एक. उंची कंपन्यांचे भाडे कैक पटींनी अधिक का असते, याचे एक कारण येथे आहे. अतिदक्षता विभागात आणि सामान्य कक्षात परिचारिकांचे प्रमाण सारखे नसते. दरही सारखा नसतो. सामान्य कक्षाचे पैसे भरून अतिदक्षतेची अपेक्षा धरणे हे निराशेचे मूळ होय.

मात्र येथे एक बारकावा आहे. वरील गणित केबिनमागे दोन प्रवासी धरून केलेले असते. शाळांच्या सुट्टीत तिसरी-चौथी शय्याही भरते. ‘आयकॉन’ पूर्ण भरले, तर ५,६१० ऐवजी ७,६०० प्रवासी होतात आणि ४४ चा आकडा ३३ वर घसरतो. तेच जहाज, तेच कर्मचारी. परंतु दिवाळीच्या सुट्टीतील अनुभव आणि शाळा सुरू असतानाचा अनुभव अगदी वेगळे. ज्येष्ठांनी शक्यतो सुट्टीचा काळ टाळावा, हा या आकड्यांचा अर्थ.

दुसरी कसोटी : स्वच्छता

इंदूरकरांना स्वच्छतेचे गुणांकन नवे नाही. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे आपले शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले. सातव्या वर्षी सुरतेसह. जहाजांचेही असे सर्वेक्षण असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या कार्यक्रमानुसार, परदेशी बंदरे घेऊन अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची पूर्वसूचना न देता तपासणी होते. शंभरपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास जहाज अनुत्तीर्ण ठरते. पाण्याचे क्लोरीन, शीतगृहाचे तापमान, स्वयंपाकघर, पोहण्याचे तलाव हे सर्व त्यात येते आणि अहवाल जनतेसाठी खुले असतात.

मुंबई किंवा सिंगापूर परिसरातच फिरणाऱ्या जहाजांना हे गुण मिळत नाहीत. तेथे आपणच परीक्षक व्हावे. भोजनकक्षाच्या दाराशी साबण-पाण्याची सोय आहे काय? बुफेत प्रत्येक जण तोच चमचा हाताळतो, की कर्मचारी वाढतात? गरम पदार्थ खरोखर गरम आहे काय? हा चोखंदळपणा नव्हे. जहाजावरील जुलाब-उलट्यांच्या साथींचे प्रमुख कारण नोरोव्हायरस होय. त्याचे अत्यल्प कण संसर्गास पुरतात, लक्षणे १२ ते ४८ तासांत दिसतात आणि अल्कोहोलयुक्त जेलवर त्याच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. साबणाने हात धुणे हाच उपाय. ज्या जहाजावर दाराशी केवळ जेलची बाटली आणि सुहास्यवदना तरुणी उभी आहे, तेथे स्वागत उत्तम असेल. सेवा उत्तम आहे असे म्हणता येणार नाही.

तिसरी कसोटी : वैद्यकीय कक्ष

एका सहलीत प्रस्तुत लेखकाने जहाजाच्या स्वागतकक्षात वैद्यकीय कक्षाची वेळ विचारली. तेथील तरुणाला ती ठाऊक नव्हती. कॅसिनोची वेळ मात्र मुखोद्गत होती! प्रसंग हसण्यावारी गेला, पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली असती तर तो हसण्यासारखा राहिला नसता.

सागरी कामगार कराराप्रमाणे, शंभर अथवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून दीर्घ आंतरराष्ट्रीय प्रवास नेहमी करणाऱ्या जहाजांवर अर्हताप्राप्त डॉक्टर असणे बंधनकारक आहे. २००६ साली झालेला हा करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. यातील शब्द लक्षपूर्वक वाचावेत. आपले ज्येष्ठ बहुधा निवडतात ती दोन-तीन रात्रींची मुंबई-गोवा सहल या तरतुदीत आपोआप बसतेच असे नाही. म्हणून आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने क्रूझ जहाजांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत : दर हजार माणसांमागे किमान एक रुग्णशय्या, जहाजावर किमान एक अतिदक्षता शय्या, हृदयालेख यंत्र, डीफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, रक्ततपासणी आणि रक्ताची गुठळी विरघळविणारी औषधे. “आपले जहाज ही तत्त्वे पाळते काय?” हा एकच प्रश्न लेखी विचारावा. उत्तर किती तत्परतेने आणि किती स्पष्ट येते, यावरूनही सेवेची प्रत कळते.

चौथी कसोटी : सुरक्षेचा सराव

१७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणातील अनेक घरांत ती अमावास्या अद्याप विसरलेली नाही. ही झाली जुन्या काळची गोष्ट, असे म्हणावे तर १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे अत्याधुनिक जहाज खडकावर आपटले. ३२ जण दगावले. त्याच सायंकाळी चढलेल्या प्रवाशांचा सुरक्षा-सराव तेव्हा झालेलाच नव्हता. तत्कालीन नियमानुसार चोवीस तासांची मुभा होती. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला असून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घ्यावा लागतो. तो गांभीर्याने घेणारे जहाज चांगले. आपणही तेव्हा छायाचित्रे काढीत न बसता आपले जमण्याचे ठिकाण पायांनी चालून पाहावे.

पाचवी कसोटी : सेवा करणारा माणूस

गोमंतकीय खलाशी आणि स्टुअर्ड यांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या धोबीतलाव भागात त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’, म्हणजे सामायिक निवासाच्या जागा, वसलेल्या होत्या. बोट मिळेपर्यंत तेथे राहावयाचे, मग महिनोन्‌महिने समुद्रावर. आजही आपल्यापुढे हसतमुखाने चहा ठेवणारा तरुण घरापासून दूर, सामायिक केबिनमध्ये राहत असतो. वरील कराराने त्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांतीचा हक्क दिला आहे.

हा केवळ कारुण्याचा विषय नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा येथे ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. प्रवाशांना केबिनमध्ये विलग ठेवले होते, परंतु त्यांना जेवण पोहोचविणारे कर्मचारी कामावरच होते आणि सामायिक खोल्यांत राहत होते. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. थकलेला, किंवा पगार कापला जाईल म्हणून आजार लपविणारा कर्मचारी हा सर्वांनाच धोका असतो, हे रुग्णालयात रात्रपाळी केलेल्यांना सांगावयास नको. म्हणून त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. तो कितव्यांदा याच कंपनीत आला आहे हे विचारावे. जुनी माणसे पुनःपुन्हा परततात ते जहाज बहुधा चांगले असते. बक्षिसी भाड्यात धरली आहे की दररोज वेगळी आकारली जाते, हेही आधी पाहावे, आणि वेगळी असल्यास ती कमी करण्यासाठी हुज्जत घालू नये. बंदरशुल्क, पेये, इंटरनेट व किनाऱ्यावरील सहली हे सर्व मिळवूनच दोन कंपन्यांच्या भाड्यांची तुलना करावी.

रुग्णाला काय सांगावे?

औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. मोठे सामान केबिनमध्ये पोहोचण्यास काही तास लागतात. जुनी कागदपत्रे आणि हृदयालेखाची प्रत सोबत असावी. जहाज ज्या दिवशी सुटते, त्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचावे. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. त्यावरील गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गर्भारपणाचे २४ आठवडे झाल्यावर बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत. जहाजावरील उपचारांचे बिल प्रवाशालाच भरावे लागते, म्हणून रुग्णाला समुद्रातून हलविण्याचा खर्च देणारा विमा घ्यावा. अस्थिर हृदयविकार किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास मात्र स्पष्टपणे ‘यंदा नको’ असे सांगावे. त्याची नाराजी पत्करणे हाही वैद्यकधर्मच होय.

आनंदीबाईंना आगबोट निवडण्याची मुभा फारशी नव्हती. आपल्याला ती आहे. तिचा उपयोग झुंबरे मोजण्यात न करता माणसे, पाणी, औषधे आणि विश्रांतीचे तास मोजण्यात केला, तर आपण दिलेला सल्ला रुग्णाला जहाजाच्या शिडीवरून चढविण्यापुरता न राहता सुखरूप घरी आणून सोडील.